केळं नको, आणि हातमोजे कुठले?

माझं माहेर रावेर तालुक्यातलं. वडिलांची केळीची बाग, काकांची केळीची बाग, बांधापलीकडेही केळीच. आणि मला केळं चालत नाही. एक घास गेला की टाळू खाजते, ओठ सुजतात, घसा आवळल्यासारखा होतो. गावी हे कुणाला पटत नाही. आत्या अजून म्हणते, "अगं, केळ्यानं कधी कोणाला काही होतं का?"

लहानपणी होत नव्हतंच. मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. पूर्वी आमच्याकडे पावडरवाले लॅटेक्सचे, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाचे हातमोजे असायचे, ओढून काढले की पांढरा धुरळा उडायचा. आधी मनगटावर गांधी उठायला लागल्या, मग मोजे नुसते घातले तरी शिंका. केळ्याचा त्रास त्याच्या मागून आला.

ॲलर्जीच्या डॉक्टरांनी रक्ताची तपासणी करून दोन्हींची सांगड घातली. रबराच्या झाडाच्या चिकात बुरशीपासून बचाव करणारी काही प्रथिनं असतात. तशाच घडणीची प्रथिनं केळं, किवी, ॲव्होकॅडो, चेस्टनट यांतही असतात. शरीराने एकदा रबराशी वैर धरलं की यांनाही ते त्याच टोळीतलं समजतं. रबराची ॲलर्जी असलेल्यांपैकी साधारण ३० ते ५० टक्के लोकांना एखादं तरी असं फळ बाधतं. मोज्यांमधली पावडर ही प्रथिनं हवेत पसरवते. अमेरिकेने २०१७ मध्ये पावडरवाल्या वैद्यकीय मोज्यांवर बंदी घातली त्याचं हेही एक कारण.

इंटरनेटवरच्या याद्या वाचल्या तर माणूस उपाशीच राहील. डॉक्टरांनी बजावलं, जे बाधतं तेवढंच सोडा. म्हणून आंबा मी मनसोक्त खाते. पपई बंद, आणि तिच्याबरोबर टूटीफ्रूटीही, कारण बनपावात दिसणारे ते लाल-हिरवे तुकडे कच्च्या पपईचे असतात. कच्चा बटाटा सोलताना बोटं खाजतात, उकडलेला खुशाल चालतो; यातली बरीच प्रथिनं उष्णतेने मोडतात. शिंगाड्याला इंग्रजीत वॉटर चेस्टनट म्हणतात, पण यादीत चेस्टनट वाचून उपासाचा शिंगाडा मात्र सोडू नका. त्या दोघांचं काहीच नातं नाही.

खरं सांगायचं तर फळांचं फार अवघड नाही. फळ ताटात दिसतं. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यात केळं असणार हे माहीत असतं. हात जोडून द्रोण पुढे सरकवते, थोडी नाराजी होते, संपलं. शिजलेलं कदाचित चालेलही, पण तो प्रयोग पूजेच्या घरी करायचा नाही.

अवघड असतात ते दुसऱ्यांचे हात. कोरोनानंतर मिठाईवाले, सँडविचवाले हातमोजे घालायला लागले. स्वच्छतेसाठी चांगलंच, पण पिवळसर पांढरे, ताणले जाणारे मोजे दिसले की मी दुकानाची पायरी उतरते. प्लॅस्टिकचे ढगळ, चुरचुर वाजणारे असतील तर बिनधास्त खाते. निळे बहुधा नायट्राइलचे, म्हणजे लॅटेक्स नसलेल्या कृत्रिम रबराचे असतात, पण रंगावर भरवसा ठेवू नये, डब्यावरचं वाचावं. दाताच्या डॉक्टरांकडे खुर्चीत बसायच्या आधी विचारते. भाच्याच्या वाढदिवसाला फुगे असतील तर जेवायला थेट दुसऱ्या दिवशी जाते. वहिनीने आता कागदी पताका लावायला सुरुवात केली आहे, तिचे उपकार.

ॲलर्जीचा जोराचा झटका आला तर टोचायला पर्समध्ये ॲड्रेनलिनची ॲम्प्यूल आणि सिरिंज असते. आपोआप टोचणारं पेन आमच्या इथल्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. नवऱ्याला इंजेक्शन मांडीत द्यायला शिकवलंय; संत्र्यावर सराव करताना त्याचाच हात थरथरत होता.

मध्यंतरी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. लॅटेक्सची ॲलर्जी असलेला पेशंट शक्यतो सकाळी पहिला घेतात, आधीच्या केसमधलं काही हवेत राहिलेलं नसावं म्हणून. आमच्या थिएटरच्या यादीत अशी नावं मीच वर चढवत असते. त्या दिवशी माझं नाव पहिलं होतं, आणि ट्रॉलीवरून आत जाताना मी मोज्यांचा डबा मागून घेतला आणि त्यावरचं लेबल वाचलं. भूलतज्ज्ञ हसले. मी वाचून झाल्यावरच हात पुढे केला.