पायथनची अडीचकी

लूप, म्हणजे संगणकाकडून तेच काम पुन्हापुन्हा करून घेणं, शिकवायला पाढ्याइतकी सोयीची गोष्ट नाही. दहा ओळी, दर ओळीत एकच आकडा बदलणार, आणि उत्तर चुकलं तर प्रोग्रामिंगचा गंध नसलेली आजीसुद्धा ते पकडणार.

स्क्रॅच या, ठोकळे जोडून प्रोग्राम करायच्या मुलांच्या भाषेत 'गुणक' नावाचं व्हेरिएबल (आकडा साठवायचा डबा) 1 करायचं, रिपीट 10 लावायचं, आत बे गुणिले गुणक बोलून दाखवायचं आणि गुणक 1 ने वाढवायचा. नुसता 'से' (बोल) ब्लॉक, म्हणजे ठोकळा, वापरला तर स्क्रॅचच्या पडद्यावरचं मांजर एकदम 20 म्हणून मोकळं होतं, कारण आधीची नऊ उत्तरं दिसायच्या आत पुसली जातात. 2 सेकंदांचा 'से' घेतला की ते रीतसर पाढा म्हणतं. पुढे दोन ते तीसचे पाढे करायचे तर लूपमध्ये लूप, एकूण 290 ओळी. बे दाहे वीस झाल्यावर पुढची ओळ तीन अकरा तेहतीस आली, तर समजावं की गुणक पुन्हा 1 करायचा राहिला. ते काम बाहेरच्या लूपच्या आत, दर पाढ्याच्या सुरुवातीला व्हायला हवं.

पायथन या, टाइप करून प्रोग्राम लिहायच्या भाषेत गुणाकाराची खूण फुली नसून तारा (*) असतो, आणि ओळीने आकडे देणारा रेंज(1, 10) नवावरच थांबतो, म्हणून 11 लिहावं लागतं. मुलं यावर कुरकुरतात. रास्तच आहे. पण खरी मजा पाढ्याचा आकडा इनपुटने विचारल्यावर येते. मूल 7 टाइप करतं आणि पडद्यावर उतरतं: 7, 77, 777. इनपुटमधून येतो तो मजकूर, संख्या नव्हे, आणि मजकुराची तिप्पट म्हणजे तो तीनदा लिहिणं. मजकुराची पूर्ण संख्या करणाऱ्या इंट( ) मध्ये घातलं की 7, 14, 21 मिळतं. तरी ही चूक घाईने दुरुस्त करून देऊ नये. गुणाकार म्हणजे 'तितक्या वेळा' हे इतकं उघडं दुसरीकडे कुठे दिसतं?

मग अपूर्णांक. इंटच्या जागी दशांश संख्या चालवून घेणारा फ्लोट घालून 1.1 चा पाढा मागितला, की तिसऱ्या ओळीला 3.3000000000000003 येतं. 0.1 दहा वेळा मिळवत गेलं तर 0.9999999999999999, आणि थेट दहाने गुणलं तर चोख 1.0. गुणाकार म्हणजे पुन्हापुन्हा बेरीज, हा वर्गातला नियम इथे लंगडतो. संगणक दोनच्या पटीत मोजतो, त्याला एक-दशांश नेमका लिहिता येत नाही. दर बेरजेला चिमूटभर फरक पडू शकतो आणि तो साठत जातो.

आणि आपली जुनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीनचे पाढे? सगळी बिनचूक. पाव, अर्धा, पाऊण हे दोनाने भागतभागत मिळणारे तुकडे, म्हणून 3.5 गुणिले 7 नेमके साडेचोवीस. शाळांनी टाकून दिलेले हे पाढे संगणकाला मात्र बरोबर मानवतात.

दुकानाच्या बिलाचा प्रोग्राम करताना मात्र औटकी पुरत नाही. तिथे रुपयांऐवजी पैसे मोजावेत: 1.10 चे 110 करून तीनने गुणावं, 330 येतात, आणि शंभराने भागायचं ते शेवटी, छापताना.