शेती शिकवायला जाता, की बाटवायला?

हा प्रश्न मला वडापात विचारला जातो, लग्नात पंगतीला विचारला जातो, आणि बँकेतले जुने सहकारी तर चहा पाजून विचारतात. मी कोल्हापुरातला ख्रिस्ती. बँकेत पीककर्जाच्या टेबलावर नोकरी काढली. निवृत्तीनंतर चर्चच्या मंडळीतल्या चार-पाच जणांबरोबर पन्हाळा तालुक्यातल्या एका गावी शेतकऱ्यांच्या पोरांसोबत काम करतो. पगार नाही, गाडीभाडं आपलं आपण. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

बाटवायला जात नाही. त्या गावात चैत्रात घरोघरची माणसं सासनकाठीबरोबर जोतिबाला जातात, त्या आठवड्यात मी बैठकच ठेवत नाही. प्रार्थना करतो, पण कुणी म्हटलं तर. २०२१ च्या जुलैत पाणी चढत होतं तेव्हा एका मावशींनी फोन करून सांगितलं, "तुमच्या देवालाबी सांगून ठेवा." सांगितलं. दोन वर्षं आधीच्या, २०१९ च्या महापुरात आम्ही चिखलीकडे गाळ उपसत होतो, तेव्हा मात्र हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. असो.

पण संशयाला कारणच नाही असं मी म्हणणार नाही. रेव्हरंड वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले ते ख्रिस्त सांगायलाच आले, आणि माझं आडनाव आज चर्चच्या ज्या वहीत आहे ती वही त्यातूनच झाली. मला एवढंच वाटतं, की खताच्या सल्ल्याच्या बदल्यात कुणाकडून श्रद्धा मागणं हा सावकारी व्यवहार आहे. कर्जाच्या टेबलावर तसले व्यवहार पुष्कळ पाहिलेत.

मग चर्चचा आणि शेतीचा संबंध काय? संबंध जुना आहे. सॅम हिगिनबॉटम नावाचे मिशनरी अलाहाबादला आले, भोवतालच्या शेतकऱ्यांची दैना पाहिली, परत जाऊन शेतीशास्त्र शिकून आले आणि अलाहाबादजवळ नैनीला शेतीची शाळा काढली. अलीकडे झिंबाब्वेतले ब्रायन ओल्डरीव्ह यांची पद्धत बऱ्याच देशांतल्या चर्चमधून शिकवली जाते. नांगरट टाळायची, पिकाचा पालापाचोळा जाळायचा नाही, तो जमिनीवर अंथरायचा. त्या आच्छादनाला ते देवाची चादर म्हणतात. मी पहिल्या बैठकीत हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. मागून एक म्हातारा म्हणाला, "चादरीखाली उंदरं हुत्यात." खोटं नव्हतं.

आमच्याकडची चादर म्हणजे उसाचं पाचट, वाळलेला पाला. हेक्टरी आठ-दहा टन निघतं आणि तोड झाली की काडी लावून मोकळं होतात. एका पोराला मी पटवलं. बारावी झालेला, दीड एकर ऊस, वडील नाहीत. त्यानं खोडव्यात, म्हणजे तोडीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसात, पाचट ठेवलं. मी चार फोटो काढले, मंडळीत दाखवले, टाळ्या घेतल्या आणि पुढं तीन महिने तिकडं फिरकलो नाही.

ऊस पिवळा पडला.

चूक माझी होती. पाचट कुजवणारे जिवाणू आधी जमिनीतलं नत्र स्वतःच खातात. म्हणून टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणूखत पाचटावर टाकायचं असतं. मी रासायनिक खताविरुद्ध चार गोष्टी वाचून गेलो होतो, त्या भरात युरियाचं नावच घेतलं नाही. तोडीनंतर उरलेले उसाचे बुडखे जमिनीलगत छाटायचे, हेही सांगायचं राहिलं. शेजारी पोराला "पाचटवाला" म्हणून हाका मारायला लागले. मी गेलो तेव्हा त्याची आई चहा देऊन म्हणाली, "तुमी सांगून जातासा. आमी हितंच असतोय."

या एका वाक्यानं माझी सगळी पद्धत मोडली. आता मी वीस जणांना भाषण देत नाही. तीनच पोरं घेतलीत. एकाबरोबर निदान एक आडसाली काढायची, म्हणजे जुलैच्या लागणीपासून तोडीपर्यंत सोळा-अठरा महिने, आणि त्यावरचा खोडवा. माती परीक्षणाचा कागद एकत्र वाचायचा. सोसायटीच्या कर्जाचा हिशेब मांडायचा, ते मला येतं. जे येत नाही ते विचारायचं. वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी कडुलिंबा-बाभळीवर हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगे बसतात. फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे, हे पोरांनी मला शिकवलं. माझा हात अजून त्यांच्याइतका चालत नाही.

आणि बऱ्याच वेळा शेतीचं बोलणंच होत नाही. लग्न जमत नाही, म्हणून एकजण दोन तास बांधावर बसून होता. शेतकरी नवरा नको म्हणतात पोरी. त्याला सांगण्यासारखं माझ्याजवळ वचन नव्हतं, सल्लाही नव्हता. बसून राहिलो.

एकदा पोरांनीच आग्रह केला म्हणून बायबलमधला पेरणाऱ्याचा दाखला सांगितला. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर. पाचटवाला म्हणाला, "गडी भाड्याचा असणार. घरचा माणूस असं बी सांडत न्हाई." आमच्या पाळकसाहेबांना हे सांगितलं तर ते पोट धरून हसले.

त्या पोरानं यंदा पाचट पुन्हा ठेवलंय, युरियासकट. दोन गुंठ्यांवर नाही ठेवलं, फरक दिसावा म्हणून. ही कल्पना त्याची. उंदरांचं काय करायचं ते अजून नीट जमलेलं नाही. रविवारी उपासना सुटली की कोडोलीची गाडी धरतो. बुडखे छाटायचे राहिलेत, आणि जेवून यायचं नाही असा त्याच्या आईचा निरोप आहे.