पाच हजारांची पावती

बुधवार, ५ मे २०२१ रोजी सकाळी साडेनऊच्या सुमारास मला एका ढोलकीवादकांचा फोन आला. आदल्या संध्याकाळी आमच्या संघटनेने त्यांच्या खात्यावर पाठवलेल्या मदतीची पावती कशी भरायची, एवढेच त्यांना विचारायचे होते. त्यांचा प्रश्न मी त्या दिवशी कसाबसा मार्गी लावला. पण तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणासाठी वाजवणाऱ्या वादकांच्या एका संघटनेचे हिशेब मी गेली एकोणीस वर्षे सांभाळते. वादकाला काम कसे मिळते आणि पैसे कसे मिळतात, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. आदल्या रात्री वादक जमवणाऱ्या कोऑर्डिनेटरचा फोन येतो, शिफ्ट ठरते, वाजवून झाल्यावर व्हाउचरवर सही होते आणि पैसे दोन-तीन महिन्यांनी हातात पडतात. नियुक्तिपत्र नाही, पगारपत्रक नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. १९८१ च्या सिने-कामगार कल्याण निधी कायद्यात सिने-कामगाराच्या व्याख्येत वादकाचा उल्लेख होता, परंतु किमान पाच कथाचित्रपटांत काम केल्याची अट होती, आणि ते दाखवायला आमच्या लोकांकडे व्हाउचरच्या फिकट झालेल्या कार्बन प्रतींशिवाय काही नसायचे. ढोलकीच्या एखाद्या तुकड्यावर अख्खे गाणे उभे राहिले, तरी त्या गाण्याच्या स्वामित्वधनातला पैसा ढोलकीवाल्याच्या घरी गेलेला मी एकदाही पाहिलेला नाही. संगणकातले तयार आवाज आल्यापासून ध्वनिमुद्रणेही कमी झाली, त्यामुळे बहुतेकांचे घर ऑर्केस्ट्रा, लग्नसमारंभ, गणपती आणि जत्रा यांवरच चालते.

२०२० मध्ये करोनामुळे १९ मार्चपासून चित्रीकरणे थांबली, तेव्हा निदान लोकांचे लक्ष आमच्या क्षेत्राकडे होते. सलमान खान यांनी सिने-कर्मचाऱ्यांच्या महासंघामार्फत २५,००० रोजंदारी कामगारांना मदत करण्याचे जाहीर केले, नेटफ्लिक्सने निर्मात्यांच्या गिल्डच्या मदतनिधीला साडेसात कोटी रुपये दिले, आमच्याकडेही धान्याच्या पिशव्या आल्या. दुसऱ्या लाटेत तसे राहिले नाही. १४ एप्रिल २०२१ च्या रात्री आठपासून राज्यात चित्रीकरणांसह सगळे पुन्हा बंद झाले. त्याच्या आदल्या दिवशी जाहीर झालेल्या ५,४७६ कोटींच्या पॅकेजमध्ये नोंदणीकृत फेरीवाले, बांधकाम कामगार आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते. ते त्यांना मिळायलाच हवे होते. मात्र ती सगळी यादी नोंदणीवर उभी होती, आणि ज्यांची नोंद सरकारदरबारी कुठेच नाही अशा माझ्या लोकांचे नाव तिच्यात येणे शक्य नव्हते. मालिकांची युनिट्स गोव्याला आणि इतर राज्यांत गेली, पण वादकाला कोणी बरोबर नेत नाही.

एप्रिलच्या शेवटी एका देणगीदार संस्थेने आमच्या ३१२ सभासदांना प्रत्येकी ५,००० रुपये देण्याचे मान्य केले. अटी तीन होत्या. सभासदाचे कार्ड चालू असावे, रक्कम त्याच्या स्वतःच्या बँक खात्यावरच जावी आणि प्रत्येकाची सही असलेली पावती पंधरा दिवसांत यावी, म्हणजे त्यांना पैसे ठरल्या कामी गेल्याचे उपयोग प्रमाणपत्र तयार करता येईल. रोख वाटपात काय होते हे मी पूर्वी पाहिले आहे, त्यामुळे दुसरी अट मला मनापासून पटली होती. आमच्या कार्यकारिणीतील दोघांचा वेळ मात्र बातमीसाठी कोणाचा फोटो द्यायचा या चर्चेत गेला. यादी तपासायला त्यांनी तासभर दिला असता, तर पुढचे कदाचित टळले असते.

यादी करण्याचे काम मी एकटीने सहा दिवसांत केले, आणि त्या कामाचा मला अजूनही अभिमान आहे. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होती, म्हणून सगळी माहिती व्हॉट्सअ‍ॅपवर पासबुकाच्या फोटोंमधून आली. कोणाच्या पासबुकावर चहाचा डाग, कोणाच्या आकड्यांवर शिक्का, तर कोणी फक्त शेवटचे पान पाठवलेले. एक्सेलमध्ये खाते क्रमांक टाकला की सुरुवातीची शून्ये गळून पडतात आणि लांब आकडा दशांशात मोडून दिसतो, म्हणून तो सगळा रकाना आधी मजकूर म्हणून ठरवून घ्यावा लागतो. आयएफएससी कोडचे पाचवे अक्षर नेहमी शून्य असते. लोक हटकून तिथे ‘ओ’ लिहितात. देना आणि विजया या बँका २०१९ मध्येच बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या होत्या आणि त्यांचे जुने कोड १ मार्च २०२१ पासून बंद झाले होते, तरी सतरा सभासदांच्या पासबुकांवर तेच कोड छापलेले होते. शिवाय वादक ज्या नावाने क्षेत्रात ओळखला जातो, ते नाव बँकेत असतेच असे नाही. तेव्हा एनईएफटीने पैसे जाताना नाव जुळले की नाही हे पाहिले जात नसे, केवळ खाते क्रमांकावर रक्कम जमा होत असे. एक आकडा चुकला तर पाच हजार भलत्याच्याच खात्यावर जाणार, म्हणून प्रत्येक क्रमांक मी फोनवर दोनदा वाचून घेतला, एकदा सरळ आणि एकदा उलट.

मंगळवारी ४ मे रोजी संध्याकाळी सात वाजता फाइल बँकेच्या पोर्टलवर चढवली. आमचे खजिनदार ज्येष्ठ व्हायोलिनवादक आहेत. ते घरी विलगीकरणात होते. त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी त्यांनी मला वाचून दाखवला आणि मंजुरी दिली. रात्री साडेनऊपर्यंत ३१२ पैकी ३०९ रकमा जमा झाल्याचे दिसत होते. त्या रात्री मला शांत झोप लागली.

सकाळी फोनवर ते ढोलकीवादक दादा म्हणाले, “ताई, पैसे आले बरं का, तुमचे आभार. फक्त एक विचारायचं होतं. पावतीवर छापलंय, ‘मला रुपये पाच हजार मिळाले.’ तिथं मी पाच हजारच लिहू ना?”

मी म्हटले, “दादा, पाच हजारच पाठवलेत. कमी आलेत का?”

“नाही नाही, आले तेवढेच. पण आत्ता खात्यात पाचशे सत्तर आहेत.”

मी त्यांना मेसेज पाठवायला सांगितले. तीन मेसेज होते. रात्री ८.४१ ला ५,००० रुपये जमा. त्यानंतर लगेच ५९० रुपये वजा, म्हणजे एप्रिलमध्ये कर्जाचा हप्ता परत गेल्याबद्दल बँकेचे ५०० रुपये शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी. खाते रिकामे असल्याने ते शुल्क तोवर येणे म्हणून राहिले होते. आणि सकाळी ६.५२ ला ३,८४० रुपये वजा, हा मे महिन्याचा हप्ता. शिल्लक ५७०.

हप्ता ऑक्टोपॅडचा, म्हणजे काठ्यांनी वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक तालवाद्याचा होता. पहिल्या लाटेनंतर दिवाळीपासून लग्नांचे कार्यक्रम थोडे सुरू झाले होते, आणि नुसत्या ढोलकीवर आता कोणी बोलावत नाही. ढोलकीबरोबर ऑक्टोपॅड असेल तर एका माणसात दोन कामे होतात म्हणून बोलावणारी पार्टी तयार होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी दादांनी ते वाद्य शिकून घेतले आणि जानेवारीत हप्त्यांवर घेतले. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांशी मी नंतर भांडले आहे. कारागिराने हत्यार घेतले होते. त्याच्यावर जेमतेम चार कार्यक्रम झाले आणि पुन्हा सगळे बंद पडले.

ते तक्रार करत नव्हते, म्हणून मीच विचारले, की पैसे कशासाठी हवे होते. घरातला सिलिंडर संपत आला होता आणि किराणा दुकानदाराची उधारी होती. तेव्हा मुंबईत सिलिंडर ८०९ रुपयांना होता.

मासिक हप्ते बहुधा पाच तारखेला जातात, हे मला माहीत नव्हते असे नाही. माझ्या स्वतःच्या घरकर्जाचा हप्ता पाच तारखेलाच जातो, आणि चार तारखेच्या संध्याकाळी मी माझ्या खात्यात पुरेशी शिल्लक आहे ना हे न चुकता पाहते. त्या संध्याकाळीही पाहिली होती. तरीही ३१२ लोकांच्या खात्यांवर पैसे पाठवताना ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, कारण मी खाते क्रमांक तपासत होते, खात्याची परिस्थिती तपासत नव्हते. दोन दिवस थांबून शुक्रवारी पैसे पाठवले असते, तर दादांचा हप्ता पुन्हा परत गेला असता, आणखी ५९० रुपयांचे शुल्क लागले असते, वसुलीचे फोन आले असते. मग त्यांचे खरोखर भले झाले असते का, याचाही मी पुष्कळ विचार केला आहे. पण निदान त्या पाच हजारांचे काय करायचे हे त्यांनी ठरवले असते. सिलिंडर आधी की हप्ता आधी, हा निर्णय त्यांच्या घरात व्हायला हवा होता.

त्याच सकाळी दहा वाजता रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांचे भाषण झाले. २०२० प्रमाणे सरसकट हप्तेस्थगिती नव्हती, परंतु व्यक्ती आणि लहान व्यावसायिकांच्या कर्जाची फेररचना करण्याची सोय त्यांनी जाहीर केली. मला वाटले, आपल्याला दार सापडले. कर्ज देणाऱ्या कंपनीला मी त्या दिवशी तीनदा फोन केला. गेलेला हप्ता परत मिळणार नाही हे मी धरूनच चालले होते. पुढच्या हप्त्यांसाठी अर्ज कसा करायचा हे विचारल्यावर, कंपनीचे धोरण ठरायला वेळ लागेल असे उत्तर मिळाले, आणि ते खरेही असेल. त्यानंतर जूनमध्ये अर्ज भरायला घेतला तेव्हा उत्पन्न घटल्याचा पुरावा म्हणून आधीचे आणि आत्ताचे पगारपत्रक मागितले. मी संघटनेच्या लेटरहेडवर दादांच्या दोन वर्षांतील शिफ्टची यादी तारखांसकट करून दिली. ती ‘स्वीकारार्ह कागदपत्रांत’ बसत नव्हती. ज्या माणसाला कधी पगारच नव्हता, त्याचा पगार कमी झाला हे सिद्ध कसे करायचे, याचे उत्तर त्या अर्जात कुठे नव्हते. हप्ते पुढे दादांच्या जावयाने भरले.

बुधवारी दुपारपासून मी यादीतील एकेकाला फोन करायला सुरुवात केली. पोचलेल्या रकमांबाबत आता करण्यासारखे काही नव्हते, पण मला आकडा हवा होता. दोन दिवसांत २४० जण फोनवर मिळाले. त्यांपैकी ३८ जणांच्या खात्यातून पूर्ण किंवा काही रक्कम हप्त्यात, शुल्कात किंवा किमान शिल्लक नसल्याच्या दंडात गेली होती. दोन खाती तर अशा एका सहकारी बँकेत होती, जिथून पैसे काढण्यावर निर्बंध होते. ही माहिती मी कार्यकारिणीपुढे ठेवली, तेव्हा एक जण म्हणाले, “कर्ज तर फिटलं ना त्यांचं, मदतच झाली.” त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घरात दुसरा पगार येत होता, आणि ज्याच्या घरात दुसरा पगार येतो त्याला हा फरक लवकर कळत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

जूनमध्ये मदतीचा दुसरा हप्ता मंजूर झाला, तेव्हा मी यादीत दोन रकाने वाढवले: या खात्यातून काही कापले जाते का, आणि कोणत्या तारखेला. कापले जात असल्यास पत्नीच्या किंवा मुलाच्या खात्यावर पैसे पाठवावेत, असे मी सुचवले; देणगीदाराच्या लेखापरीक्षकांनी ते मान्य केले नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही कदाचित केले नसते. मग पोस्टाच्या पेमेंट्स बँकेची वाट धरली. पोस्टमन घरी येतो, आधार आणि अंगठ्यावर खाते उघडतो, किमान शिल्लक लागत नाही. नालासोपाऱ्याच्या पोस्टमननी एका आठवड्यात आमच्या नऊ सभासदांची खाती उघडून दिली. दादांचे त्यांतच होते. त्यांचे जूनचे पाच हजार पूर्ण हातात आले.

मेच्या पावतीचा प्रश्न मात्र त्या सकाळी तसाच होता. मी दादांना सांगितले, की ‘मला मिळाले’ हे शब्द खोडा आणि ‘माझ्या खात्यावर जमा झाले’ असे लिहून सही करा. त्यांनी तसे केले. पाच हजारांपर्यंत रेव्हेन्यू स्टॅम्प लागत नाही, तरी त्यांनी घरातला जुना स्टॅम्प लावून त्यावर सही केली होती. बारा दिवसांनी लेखापरीक्षकांकडून ती पावती परत आली: छापील मजकुरात खाडाखोड चालणार नाही, नवीन पावती पाठवावी. मी दादांना फोन केला. काही न विचारता त्यांनी नव्या पावतीवर ‘मला रुपये पाच हजार मिळाले’ याखाली सही करून फोटो पाठवला. उपयोग प्रमाणपत्र वेळेत गेले. त्यात ३१२ पैकी ३१२ लाभार्थ्यांना मदत पोचल्याचे म्हटले आहे, आणि त्याखाली संघटनेच्या वतीने तयार करणारी म्हणून माझी सही आहे.

लसीचे दोन डोस झालेल्यांना ऑगस्टच्या मध्यापासून लोकलने प्रवासाची मुभा मिळाली. सप्टेंबरमध्ये दादा एका पार्श्वसंगीताच्या शिफ्टसाठी अंधेरीला आले, तेव्हा कार्यालयात येऊन त्यांनी दोन्ही पावत्यांच्या मूळ प्रती माझ्या टेबलावर ठेवल्या. नवी मी फाइलला लावली. जुनी अजून माझ्या खणात आहे. तिच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने, बारीक अक्षरांत, त्यांनी त्या सकाळी केलेली वजाबाकी आहे: ५,००० मधून ५९०, त्यातून ३,८४०, आणि खाली दोन रेघा ओढून ५७०.