क्रूएल समर पाहिली आणि मॅलरी डोक्यातून जातच नाही

क्रूएल समर संपवली. 2021 ची अमेरिकन सिरीज आहे, हा पहिला सीझन, दहा एपिसोड, टेक्सासमधलं स्कायलिन नावाचं छोटं गाव. शेवटासकट सगळं लिहितेय, म्हणून बघायची असेल तर आधी बघून घ्या.

केट ही सगळ्या गावाची लाडकी पोरगी, ती गायब होते, आणि जनेट, चष्मा लावणारी, दाताला तारा असलेली, जिला कोणी विचारत नव्हतं ती हळूहळू तिच्या जागेवर जाऊन बसते, तिच्या मैत्रिणी काय, तिचा बॉयफ्रेंड काय, सगळं हिचं. केट सापडते ती शाळेच्या नव्या व्हाइस प्रिन्सिपलच्या घरात, आणि टीव्हीवर सांगते की मी तिथं होते तेव्हा जनेटनं मला बघितलं आणि कोणाला सांगितलं नाही. जनेट म्हणते साफ खोटं, आणि बदनामीचा दावा ठोकते. एक एपिसोड हिच्या बाजूनं, पुढचा तिच्या, आणि 1993, 94, 95 आलटून पालटून. 93 सगळं उजेडाचं, 95 निळसर काळपट, रंगावरूनच वर्ष कळते.

जाऊबाई सोबत बघायच्या, रात्री लाइट गेली की मोबाईलवर. पहिल्या दिवशी, "जनेटच चोट्टी आहे, तोंडावरूनच समजते." दुसऱ्या दिवशी, "नाही वं, हे केटच खोटं बोलून राहिली." हीच तर या सिरीजची ताकद आहे. आमच्याकडे वेचणीच्या दिवसात एखाद्या पोरीबद्दल गोष्ट निघाली की पऱ्हाटीची एक पात संपेपर्यंत निकाल लागलेला असतो, जिनं आधी सांगितलं तिचं खरं, दुसऱ्या बाजूचा एपिसोड कधी लागतच नाही, आणि त्या पोरीचं लग्न जमायची वेळ आली तरी तीच गोष्ट फिरत असते. मला हे बघताना फार त्रास झाला, खरंच.

पण सगळे केट-जनेटवरच बोलतात, मॅलरीवर कोणी नाही. आधी ती जनेटची जिवलग, मग जनेट तिला सोडून मोठ्या घोळक्यात जाते, आणि केट परत आल्यावर ही केटची जवळची होऊन बसते. माझा जिच्यावर राग, तुझाही तिच्यावरच पाहिजे, अशी तिची मैत्री. शेवटी कळते की केटला खिडकीतून दिसली ती जनेट नव्हतीच, मॅलरी होती, केटचीच सायकल घेऊन आलेली! म्हणजे केट खोटं बोलत नव्हती, तिला एक आकृती दिसली आणि जिचा राग होता तिचा चेहरा तिनं त्यावर लावला. आणि रोज बाजूला बसून तो राग धगधगत ठेवणारी कोण, तर मॅलरी.

आता शेवटचा सीन. जनेट त्या घरात शिरते, तळघरातून केटचा आवाज येतो, ऐकते, हसते आणि निघून जाते. बऱ्याच जणांना हा धक्का उगाच दिलेला वाटतो, मला अजिबात नाही, कारण जनेट पूर्ण सिरीजभर म्हणते की मी तिला बघितलं नाही. बघितलं नव्हतंच, ऐकलं होतं.

जाऊबाईंच्या मते तरीही मॅलरीच जास्त गुन्हेगार, तिनं सगळं पेटवलं. मला ते पटत नाही. मॅलरीनं शेवटी तोंड उघडलं, जनेटनं कधीच नाही.