जळालेल्या कपाटाची यादी

२०२५च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या आमच्या वाचनालयात जो येई तो एकच पुस्तक मागत असे. ऑक्टेव्हिया बटलर यांची 'पॅरॅबल ऑफ द सोअर'. सगळ्या प्रती बाहेर गेलेल्या, ई-बुकसाठीसुद्धा लांबलचक रांग. कारण उघड होतं. १९९३ साली आलेली ही कादंबरी डायरीच्या रूपात आहे, ती सुरू होते जुलै २०२४मध्ये, आणि १ फेब्रुवारी २०२५च्या नोंदीत नायिका लिहिते की आज आमच्याकडे आग लागली. ती राहते लॉस एंजेलिसजवळच्या एका काल्पनिक उपनगरात. आमच्याकडची खरी आग ७ जानेवारीच्या संध्याकाळी ईटन कॅन्यनजवळ पेटली आणि वादळी वाऱ्याने रात्रीतून अल्टाडीना गावावर उतरली. नऊ हजारांहून जास्त इमारती गेल्या, एकोणीस माणसं गेली. बटलर शेजारच्या पॅसाडीनात जन्मल्या आणि वाढल्या. त्यांची कबर अल्टाडीनातच आहे. त्यामुळे ते पान फोनवर दाखवत लोक म्हणायचे, "बाईंनी सगळं आधीच सांगून ठेवलं होतं."

मला हे बोलणं तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही. बटलर यांनी स्वतःच एका लेखात लिहून ठेवलंय की त्यांनी भविष्य वर्तवलं नव्हतं. ज्या प्रश्नांकडे आपण आज काणाडोळा करतोय त्यांना तीसेक वर्षं तसंच वाढू दिलं तर काय होईल, एवढंच त्यांनी मांडलं. त्यांना ज्योतिषी ठरवलं की काणाडोळा करणारे आपण सगळे सुटतो.

मी सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी एका छोट्या गावाच्या सार्वजनिक वाचनालयात रेफरन्स डेस्कवर बसते. कोणी फॉर्म भरायला मदत मागतं, कोणाला प्रिंट हवी असते, कोणाला नोकरीचा अर्ज करायचा असतो. आणि काही जण विचारतात, "आता काय वाचू?" हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. त्याला लगेच पुस्तकाचं नाव सांगायचं नसतं. आधी विचारायचं असतं, शेवटचं कुठलं पुस्तक आवडलं आणि त्यातलं काय आवडलं. उत्तर ऐकताना माणूस कसा बोलतो तेही बघायचं असतं. त्या महिन्यात तर ते फारच बघावं लागत होतं. घर गेलेली माणसं दोन-दोन पानांवर अडकत होती. एरवी आठवड्याला जाडजूड कादंबरी संपवणाऱ्या एक बाई मला म्हणाल्या की आता ओळी डोक्यात शिरतच नाहीत.

फेब्रुवारी हा इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना. दाराजवळ मी विज्ञानकथांचं एक टेबल मांडलं होतं, कारण एरवी ही पुस्तकं एका जागी सापडत नाहीत. बटलर यांची 'किंड्रेड' सर्वसाधारण कादंबऱ्यांत, सॅम्युअल डिलेनी यांच्या कादंबऱ्या विज्ञानकथेच्या कपाटात, आणि काही लेखक 'आफ्रिकन अमेरिकन' असा कागद चिकटवलेल्या तिसऱ्याच ओळीत. शोधणाऱ्याला तीन कपाटं फिरावी लागतात.

त्या दुपारी सत्तरीच्या आसपासचे एक कृष्णवर्णीय गृहस्थ त्या टेबलापाशी बराच वेळ उभे होते. मास्क हनुवटीखाली ओढलेला, काखेत फाइल. सोबत तेराएक वर्षांची नात, कानांवर हेडफोन. मी जवळ जाऊन काही सुचवू का म्हणून विचारलं.

"मला पुस्तक नकोय," ते म्हणाले. "यादी करायचीय. जळालेल्या पुस्तकांची."

फाइलमध्ये विम्याचा तक्ता होता. वस्तू, नग, कधी घेतली, किंमत. खुर्च्या, भांडी, शिलाई मशीन, सगळं एकेका ओळीत लिहून झालेलं. मग एका ओळीत 'पुस्तके, अंदाजे सहाशे'. पूर्ण भरपाई हवी असेल तर एकेक पुस्तक वेगळं लिहावं लागेल, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. ते टपाल खात्यातून निवृत्त झालेले. सत्तरच्या दशकात त्यांनी अल्टाडीनाच्या पश्चिम भागात घर घेतलं. पॅसाडीनातून फ्रीवे गेला तेव्हा कृष्णवर्णीयांच्या वस्त्या पाडल्या गेल्या, आणि कर्ज मिळून घर घेता येईल अशा जागा त्यांच्यासाठी मोजक्याच होत्या. लेक अ‍ॅव्हेन्यूची पश्चिम बाजू ही त्यांतली एक. आगीतले जवळजवळ सगळे मृत्यूही त्याच बाजूला झाले. त्या घराच्या बैठकीतल्या कपाटात चाळीस वर्षं जमवलेल्या विज्ञानकथा होत्या.

"पुरावा म्हणून काही आहे?" मी विचारलं.

त्यांनी फोन पुढे केला. नातीच्या वाढदिवसाचा फोटो. पुढे केक, मागे मेणबत्त्यांच्या उजेडात ते कपाट.

आम्ही तो फोटो मोठ्या पडद्यावर घेतला आणि ताणत ताणत एकेका ओळीपाशी गेलो. पुस्तकांच्या पाठी धूसर होत्या. कुठे लेखकाचं अर्धं आडनाव, कुठे फक्त प्रकाशकाचं चिन्ह. एका ठिकाणी 'ल्ड सी' एवढीच अक्षरं फुग्याच्या मागून दिसत होती. "बटलर यांची 'वाइल्ड सीड', १९८०," ते लगेच म्हणाले. त्याच्या शेजारी विटेएवढा जाड पेपरबॅक. त्यावरचं काहीच वाचता येत नव्हतं, पण तो मीही ओळखला. तेवढ्या जाडीचा तिथे दुसरा कोण असणार? डिलेनी यांची 'डाहलग्रेन', १९७५ची, आठशेहून जास्त पानांची.

"यातलं बेलोना शहर आठवतं?" त्यांनी विचारलं. "तिथे घरं दिवसच्या दिवस जळतात, आणि नंतर बघावं तर काही घरांवर आगीचा डागही नसतो." थोडं थांबून म्हणाले, "मी तीनदा वाचली. आगीनंतर आमच्या गल्लीत गेलो तेव्हा हेच डोक्यात होतं. आमचं गेलं, समोरचं जसंच्या तसं उभं."

मी कॅटलॉग आणि जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांच्या याद्या उघडून वर्ष, आवृत्ती आणि आजची किंमत भरत होते. ते एकेका पाठीमागची गोष्ट सांगत होते. नातीने कधी हेडफोन काढले ते आम्हाला कळलंही नाही. डिलेनी यांच्या 'नोव्हा'पाशी आलो तेव्हा आजोबांनी तिच्याकडे वळून सांगितलं की १९६८ची ही कादंबरी आधी एका बड्या मासिकाकडे क्रमशः छापायला गेली होती. संपादक जॉन कॅम्पबेल यांनी ती नाकारली. नायक कृष्णवर्णीय आहे, आमच्या वाचकांना तो आपला वाटणार नाही, असं कारण दिलं. ही हकिगत डिलेनी यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. तोपर्यंत या तरुणाला 'बेबल-१७'साठी विज्ञानकथेचं नेब्युला पारितोषिक मिळालेलं होतं.

"मग त्यांनी काय केलं?" नातीने विचारलं.

"पुस्तक म्हणून छापलं. पन्नास वर्षं झाली, लोक अजून वाचतायत."

बटलर यांच्या 'डॉन'वर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. मी आजच्या आवृत्तीची किंमत टाकली तर ते ठामपणे नाही म्हणाले. त्यांची प्रत १९८७ची होती. कादंबरीची नायिका लिलिथ कृष्णवर्णीय आहे, पुस्तकात ते स्पष्ट आहे, आणि तरी त्या वेळच्या मुखपृष्ठावर गोरी बाई छापली होती. "मी ती मुद्दाम ठेवली होती. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचो. नवीन प्रत घेतली तर ती गोष्ट गेली." शेवटी तेच मुखपृष्ठ असलेली एक प्रत एका विक्रेत्याकडे सापडली. तिची किंमत तक्त्यात गेली आणि पुढे कंसात आम्ही 'जुने मुखपृष्ठ' असं लिहिलं.

खालच्या ओळीत 'डार्क मॅटर' होतं, शेरी रेने थॉमस यांनी २०००मध्ये संपादित केलेला संग्रह. माझ्या मते कृष्णवर्णीयांच्या विज्ञानकथेची लांबी-रुंदी एकाच पुस्तकात बघायची असेल तर आजही हाच घ्यावा. त्यात कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांची १९२०ची 'द कॉमेट' आहे. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरून पडतं. तळघरातल्या तिजोरीत कामाला पाठवलेला बँकेचा कृष्णवर्णीय निरोप्या तेवढा वाचतो, आणि एक श्रीमंत गोरी मुलगी. काही तास दोघं फक्त माणसं असतात. मग तिचे वडील येतात, माणसं येतात, आणि जुनं जग जिथल्या तिथे परत बसतं.

ड्यू बॉइस यांचं नाव निघालं तशी मी त्यांना सांगितलं की मी महाराष्ट्रातली, आणि आमच्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करत होते त्याची प्रत त्यांनी मागितली होती, दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य दाखवून. ड्यू बॉइस यांनी उत्तरही पाठवलं. आजोबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी विम्याच्या फाइलच्या पाठीवर ते लिहून घेतलं आणि आंबेडकरांचं स्पेलिंग माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं.

यादी निम्मीअधिक झाली तेव्हा नात म्हणाली, "यात आग नसलेलं काही आहे का?"

आजोबा पडद्याकडे बघत राहिले. 'पॅरॅबल' तर बादच. शाळेत सगळे तिला त्याच पुस्तकाबद्दल विचारत होते, आणि ते तिला नको होतं. मी तिला माझा नेहमीचा प्रश्न विचारला. तिने पुस्तकाचं नाव घेतलंच नाही. तिला गणित आवडत होतं, आणि नवीन शाळेत कोणालाच ओळखत नाही एवढंच ती म्हणाली.

मी टेबलावरून न्नेडी ओकोराफोर यांची 'बिंटी' आणली. २०१५ची, शंभरेक पानांची, ह्यूगो आणि नेब्युला ही दोन्ही पारितोषिकं मिळवलेली. लेखिका नायजेरियन-अमेरिकन. बिंटी सोळा वर्षांची आहे, हिंबा समाजातली, गणितात असामान्य. घरच्यांना न सांगता ती दुसऱ्या ग्रहावरच्या विद्यापीठात निघते. तिच्या समाजातल्या बायका अंगाला आणि केसांना तांबड्या मातीचा लेप लावतात. बिंटी तो लेप डबीत भरून सोबत नेते, म्हणजे गावची जमीनच अंगावर घेऊन जाते. तो संपत आला की काय करायचं, यावर कथेतलं बरंच काही टेकलेलं आहे. एक गोष्ट मी तिला स्पष्ट सांगितली. सुरुवातीलाच अवकाशयानावर भयंकर हत्याकांड आहे. आग नाही, पण मरणं आहेत. नको असेल तर दुसरं देते. अशा वेळी मुलांपासून हे लपवून पुस्तक हातात देणं मला चुकीचं वाटतं.

तिने तिथेच उभ्या उभ्या पहिली पानं वाचली. "लेप कशाचा करतात?" तिने विचारलं, आणि पुस्तक बगलेत मारलं.

"हे माझ्या कपाटात नव्हतं," आजोबा म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांनी नवी पुस्तकं घेणं जवळपास थांबवलं होतं. मग मी त्यांना मधल्या वर्षांचं सांगत सुटले. नालो हॉपकिन्सन यांची 'मिडनाइट रॉबर', जी कॅरिबियन बोलीत लिहिली आहे आणि मोठ्याने वाचली की खुलते. रिव्हर्स सॉलोमन यांची 'अ‍ॅन अनकाइंडनेस ऑफ घोस्ट्स', ज्यात पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या अवकाशयानावर जुन्या मळ्यांची गुलामी परत आली आहे. एन. के. जेमिसिन यांची 'ब्रोकन अर्थ' त्रयी, जिच्या तिन्ही भागांना ओळीने तीन वर्षं, २०१६ ते २०१८, सर्वोत्कृष्ट कादंबरीचं ह्यूगो मिळालं. तसं त्याआधी कोणालाच जमलं नव्हतं. पहिला भाग 'द फिफ्थ सीझन' मी त्यांच्यापुढे ठेवला, पण तो जमीन दुभंगून आणि एका आईचं मूल जाऊन सुरू होतो हेही सांगितलं.

"दे," ते म्हणाले. "जग संपल्यावर माणसं दुसऱ्या दिवशी काय करतात, ते मला आता वाचायचंय."

कार्ड काढताना पत्त्याचा प्रश्न आला. ते बहिणीकडे राहत होते, नावावर काहीच नव्हतं. आग लागलेल्या भागातल्या लोकांसाठी आम्ही त्या काळात पत्त्याचा पुरावा मागत नव्हतो, वाचनालयाची पुस्तकं घरात जळाली असतील तर त्यांचे पैसेही घेत नव्हतो. नातीचंही वेगळं कार्ड काढलं. यादीच्या दोन प्रती छापल्या, एक विम्यासाठी. दुसरी नातीने मागून घेतली आणि आजोबांकडून त्यावर खुणा करून घेतल्या, कुठलं आधी, कुठलं मोठी झाल्यावर.

त्या खुणांवरून आमचा वाद झाला. बटलर वाचायला सुरुवात करायची तर 'किंड्रेड'पासून, असं मी सगळ्यांना सांगते. १९७६च्या कॅलिफोर्नियातली डेना नावाची एक कृष्णवर्णीय लेखिका अचानक गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये खेचली जाते. विज्ञानकथा कधी हातात न धरलेला वाचकही त्यात पहिल्या प्रकरणापासून अडकतो. आजोबांनी मात्र 'वाइल्ड सीड'वर पहिला आकडा टाकला. "'किंड्रेड' थोर आहे," ते म्हणाले, "पण माझ्या नातीला तिच्यासारखी बाई पुस्तकात पहिल्यांदा भेटावी ती साखळदंडाच्या छायेत नको. 'वाइल्ड सीड'मधली अन्यानवू तीनशे वर्षांची आहे, हवं ते रूप घेते, आजारी माणसाला बरं करते. आधी ही भेटू दे. साखळदंड मग वाचेलच ती."

मी म्हटलं, 'वाइल्ड सीड'मध्ये डोरो आहे, दुसऱ्यांची शरीरं बळकावून जगणारा, आणि तो अन्यानवूला आपल्या मालकीची समजतो, मग सुटका कुठे आहे? ते म्हणाले, "पण ती त्याला पुरून उरते ना." मी म्हटलं, 'किंड्रेड'मधली डेनाही परत येते. "एक हात गमावून," ते म्हणाले. मागे प्रिंटरसाठी रांग लागली होती तरी आमचं चाललंच होतं.

मोठ्या वाचकांना मी अजूनही आधी 'किंड्रेड'च देते आणि त्यावर ठाम आहे. पण कोणी तेरा-चौदा वर्षांची मुलगी डेस्कपाशी आली तर 'वाइल्ड सीड'ची प्रत आत आहे का, ते आधी बघते.