उबुंटू २२.०४ वरून २४.०४: अपग्रेड की नवं इन्स्टॉलेशन?

मशीनवर फक्त उबुंटूच्याच रिपॉझिटरीतली (अधिकृत साठ्यातली) पॅकेजं असतील, तर बॅकअप घेऊन सरळ अपग्रेड करावं. गुंता होतो तो बाहेरच्या पीपीएंमुळे, म्हणजे इतरांनी चालवलेल्या पॅकेज-साठ्यांमुळे. अपग्रेड करताना ते बंद केले जातात, पण त्यांतून आलेली पॅकेजं तशीच राहतात आणि डिपेंडन्सी (पॅकेजांचं एकमेकांवरचं अवलंबित्व) अडकतात. म्हणून आधी 'पीपीए-पर्ज' चालवून ती उबुंटूच्या आवृत्तीवर आणा. /बूट (सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, जिथे असतो तो फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर असेल तर 'डीएफ -एच' ने जागा बघा. जुन्या कर्नलांनी ते भरलेलं असलं, की इनिट्रॅमएफएस (मशीन सुरू होताना लागणारी फाइल) बनताना अपग्रेड मध्येच थांबतं. 'ऑटोरिमूव्ह' करून जुने कर्नल काढा, मगच 'डू-रिलीज-अपग्रेड' ही अपग्रेडची कमांड चालवा.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. पायथन ३.१० चं ३.१२ होतं, त्यामुळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रकल्पांसाठीच्या वेगळ्या पायथन मांडण्या) नव्याने बनवावी लागतात. पोस्टग्रेस डेटाबेसला तर फार जपा! आवृत्ती १६ बसते, पण डेटा १४ च्याच क्लस्टरमध्ये (डेटाबेसांच्या संचात) असतो. १६ चा रिकामा 'मेन' क्लस्टर 'पीजी_ड्रॉपक्लस्टर' ने काढायचा, मग १४ वर 'पीजी_अपग्रेडक्लस्टर' चालवायचं. आकडा दोनदा वाचा. 'पीजी_ड्रॉपक्लस्टर' मध्ये १४ टाइप झालं तर डेटाच जाईल.

पार्टिशनची मांडणी बदलायची असेल किंवा पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करायची असेल, तर मात्र नवं इन्स्टॉलेशनच बरं. 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' ची (स्वतः बसवलेल्या पॅकेजांची) यादी आणि /ईटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवा. ही प्रत नंतर सरसकट परत टाकू नका, हवी तीच फाइल उचला. जुन्या एफएसटॅबमधले (पार्टिशनांची नोंद ठेवणाऱ्या फाइलमधले) यूयूआयडी, म्हणजे ओळख-क्रमांक, नव्या पार्टिशनांशी जुळत नाहीत आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं.