शेवटचे चार आकडे जुळत नव्हते

ऑनलाइन खरेदीसाठी डिजिटल वॉलेट वापरायचं मी ठरवलं ते एका गोष्टीचा वैताग येऊन. नवीन साइटवर काहीही घ्यायचं म्हटलं की कार्डाचे सोळा आकडे टाका, मुदतीची तारीख टाका, मागचा सीव्हीव्ही टाका, आणि खाली 'पुढच्या वेळेसाठी कार्ड सेव्ह करा' ही चौकट असतेच. ज्या दुकानातून एखादी वस्तू एकदाच घ्यायची, त्याच्या सर्व्हरवर माझा नंबर कायमचा का राहावा, हे मला कधीच पटलं नाही.

वॉलेट निवडताना आधी एक फरक नीट कळून घ्यावा लागला. काही वॉलेटमध्ये आपण पैसे भरून ठेवतो आणि त्या शिलकेतून खर्च करतो. ॲपल पेसारख्या वॉलेटमध्ये आपण कार्ड जोडतो, तेव्हा पैसे बँकेतच राहतात. वॉलेट फक्त मध्ये उभं राहून कार्ड पुढे करतं. पेपालसारख्या सेवेत दोन्ही प्रकार चालतात. मी कार्ड जोडण्याचा प्रकार घेतला, कारण माझे पैसे आणखी एका ठिकाणी अडकून पडायला नको होते.

कार्ड जोडणं सोपं होतं. कॅमेऱ्यासमोर कार्ड धरलं, नंबर आपोआप भरला गेला, सीव्हीव्ही हाताने टाकला. मग बँकेचा ओटीपी आला. त्या मेसेजमध्ये साफ लिहिलेलं होतं की हा कोड कार्ड वॉलेटमध्ये जोडण्यासाठी आहे. इथे मी मुद्दाम थांबून तो मेसेज वाचला, आणि प्रत्येकाने वाचावा असं मला फार वाटतं. भामटे नेमका याच कोडावर डोळा ठेवून असतात. पार्सल अडकलंय, किरकोळ रक्कम भरा, असा मेसेज पाठवून खोट्या पानावर तुमच्याकडून कार्डाचा नंबर घेतात, मग ओटीपी मागतात. तुम्हाला वाटतं आपण ती किरकोळ रक्कम भरतोय, प्रत्यक्षात तुमचं कार्ड त्यांच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये जोडलं जातं. पुढच्या खरेदीसाठी त्यांना तुमच्याकडून काहीच लागत नाही. म्हणून मेसेजमध्ये कार्ड जोडण्याचा उल्लेख असेल आणि आपण काही जोडत नसू, तर तो कोड कुणालाही द्यायचा नाही.

ओटीपी टाकल्यावर पडद्यामागे जे घडतं, तिथेच सगळं मर्म आहे. व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क बँकेला विचारून त्या कार्डासाठी एक पर्यायी नंबर तयार करतं. त्याला टोकन म्हणतात. टोकन कार्डाच्या नंबरासारखंच दिसतं, पण आकडे वेगळे. ही पद्धत सगळीकडे सारखी असावी म्हणून ईएमव्हीको या संस्थेने 2014 मध्ये तिचा आराखडा प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ॲपल पे सुरू झालं. टोकनमागे कोणतं कार्ड आहे, ही जोडी नेटवर्ककडे असते. दुकानाला ती दिसत नाही.

पहिली खरेदी मी बॅकपॅकची केली. पैसे भरायच्या पानावर वॉलेटचं बटण दाबलं, तसा खालून एक पट्टा वर आला. त्यावर दुकानाचं नाव, एकूण रक्कम, कार्डाचं चित्र आणि पोचवायचा पत्ता. पत्ता नीट बघा, कारण वॉलेटमध्ये जुना पत्ता राहिला असेल तर माल तिकडेच जातो. बोटाचा ठसा दिला आणि काम झालं. त्या क्षणी फोनने टोकनबरोबर एक सांकेतिक कोड पाठवला, जो फक्त त्याच व्यवहारापुरता चालतो. उद्या त्या दुकानाचा डेटा चोरीला गेला, तर चोराच्या हाती टोकन आणि वापरून संपलेला कोड लागेल. त्यावर नवी खरेदी होत नाही.

खरी कसोटी लागली बॅग परत करताना. पट्टे आखूड होते. दुकानाच्या मदत केंद्रातल्या बाईंनी कार्डाचे शेवटचे चार आकडे विचारले. मी कार्ड हातात धरून वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "हे आमच्याकडच्या नोंदीत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या कार्डावरून पैसे भरले होते का?" मी नाही म्हटलं, तर त्यांनी परतावा रोखून धरला.

तेव्हा मी फोनवर वॉलेट उघडून कार्डाच्या तपशिलात गेलो. तिथे कार्डाच्या शेवटच्या चार आकड्यांखेरीज उपकरणाच्या खात्याचे शेवटचे चार आकडे वेगळे दिलेले होते. तेच टोकनचे आकडे. ते वाचून दाखवले आणि नोंद लगेच जुळली. दुकानाकडे माझं कार्ड कधी पोचलंच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या पावतीवर ते आकडे असणार कसे? त्या बाईंचा यात काही दोष नव्हता. त्यांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि ते शिकवणं दुकानाचं काम होतं. परतावा टोकनच्या वाटेने नेटवर्ककडे गेला, तिथून बँकेकडे, आणि थेट कार्डाच्या खात्यावर जमा झाला. वॉलेटमध्ये शोधत बसू नका, तिथे तो दिसेलच असं नाही. बँकेचं स्टेटमेंट बघा. शिलकेच्या वॉलेटमधून पैसे भरले असतील तर मात्र परतावा बहुधा त्या शिलकेत येतो.

पुढे फोन बदलला तेव्हा कार्ड नव्याने जोडावं लागलं, पुन्हा ओटीपी आला, आणि टोकनचे आकडेही बदलले, कारण टोकन त्या त्या फोनशी बांधलेलं असतं. याचाच एक मोठा आधार असा की फोन हरवला तर बँकेला सांगून फक्त त्या फोनचं टोकन बंद करता येतं, हातातलं कार्ड चालू राहतं. जुन्या फोनमधलं कार्ड मी तो देऊन टाकण्याआधी काढून टाकलं. दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाणारं एक सदस्यत्व जुन्या टोकनवर होतं, त्याच्या पानावर जाऊन नव्या फोनवरून पुन्हा परवानगी दिली, आणि पुढचा हप्ता वेळेवर गेला.